निळ्या तुकड्यांवरची मंडळी

दसऱ्याच्या आदल्या दिवशी अख्ख्या एमआयडीसीला आंघोळ घालतात, हे बाहेरच्या माणसाला सांगितलं की त्याला गंमत वाटते. त्या दिवशी खंडेनवमी. यंत्रं पुसायची, जमिनी धुवायच्या, मोटारींना हळदकुंकू लावायचं, झेंडूच्या माळा घालायच्या, कामगारांना पेढ्यांचे पुडे वाटायचे. वर्षभर ज्या कोपऱ्यात झाडू पोचला नाही, तिथे त्या दिवशी पाइप लावून फवारा मारतात. मालकाला वाटतं, कारखाना लख्ख झाला. होतोही. फक्त ती वर्षभराची घाण गटारातून ज्या एका जागी येऊन पडते, तिथे मी नोकरीला होते.

अंबरनाथच्या एमआयडीसीतलं ते सामायिक सांडपाणी केंद्र. मी तिथे केमिस्ट. मी नेमकं काय करते हे नातेवाइकांत कधी कोणाला नीट सांगता आलं नाही. सासूबाई अभिमानाने सांगायच्या, ‘आमची सून लॅबमध्ये आहे,’ आणि समोरच्याला वाटायचं मी रक्त-लघवी तपासते. एका लग्नात पंगतीला शेजारच्या बाईंनी फारच खोदून विचारलं तेव्हा मी वैतागून म्हटलं, ‘मी जंतू पाळते.’ त्यांनी हातातली जिलेबी ताटात ठेवली ती परत उचलली नाही.

पण खोटं काहीच नव्हतं. छोट्या कारखान्यांना आपापलं सांडपाणी शुद्ध करणं परवडत नाही, म्हणून सगळ्यांचं पाणी एका ठिकाणी आणतात. तिथे आधी आम्ल आणि अल्कलीची भांडणं मिटवायची आणि मग ते पाणी एका मोठ्या उघड्या टाकीत सोडायचं. या टाकीत खालून सतत हवा येत असते आणि पाण्यात असंख्य सूक्ष्मजीव असतात. घाण हेच त्यांचं जेवण. पोटभर खाऊन ते एकमेकांना चिकटतात, त्यांचे तपकिरी पुंजके होतात आणि शेजारच्या शांत टाकीत ते पुंजके तळाशी बसतात. वरचं स्वच्छ पाणी काठावरून नाल्यात, नाल्यातून नदीत, नदीतून खाडीत आणि खाडीतून समुद्रात जातं. तळाशी बसलेल्यांना पंपाने परत पहिल्या टाकीत आणायचं आणि कामाला लावायचं. सगळा खेळ त्या बसण्यावर आहे. जे बसत नाहीत ते पाण्याबरोबर निघून जातात, आणि टाकीत काम करायला कोणी उरत नाही.

आमची टाकी सुरू झाली तेव्हा जंतू रुजावेत म्हणून आम्ही तिला शेण, युरिया आणि काळा गूळ घातला होता. गूळ आणायला मी आणि टाकीवरचे ऑपरेटर गणपतदादा शिवमंदिराजवळच्या एका किराणा दुकानात जायचो. एवढा काळा गूळ नेणारी बाई त्या दुकानदाराने जन्मात पाहिली नसावी. एक दिवस दबक्या आवाजात त्याने विचारलं, ‘ताई, भट्टी कुठे लावलीय?’ पुढच्या खेपेला दुकानात साध्या वेशातला हवालदार बसलेला! त्याला केंद्रावर आणून टाकी दाखवली. नाकाला रुमाल लावून तो म्हणाला, ‘हे प्यायची कोणाची हिंमत होणार, बाई?’ आणि चहासुद्धा न घेता गेला.

गणपतदादा खाडीकाठच्या गावातले आगरी. त्यांच्या वडिलांनी मिठागरावर हाडं झिजवलेली. दादा स्वतः नोकरीला लागले तरी भरती-ओहोटीचं गणित त्यांच्या डोक्यात पक्कं असायचं. जंतूंना ते ‘मंडली’ म्हणायचे. सकाळी आले की आधी टाकीच्या कठड्यावरून वाकून वास घ्यायचे. निरोगी टाकीला कुंडीतल्या ओल्या मातीसारखा वास येतो. तो आला की म्हणायचे, ‘मंडली खुशीत हाय.’ मी हसायचे, पण मग मीही वाकून वास घ्यायला लागले.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते. दोन हजारच्या दशकाच्या मधलं एक वर्ष. पावसाळ्यापासून टाकी आमच्यावर रुसलेली. पाणी पातळ होत चाललेलं, तपकिरी रंग उतरलेला. बाहेर जाणारं पाणी गढूळ म्हणून प्रदूषण मंडळाचं पत्र आलेलं: पुढच्या तपासणीत सुधारणा दिसली नाही, तर केंद्र बंद. केंद्र बंद म्हणजे त्याला जोडलेले सगळे छोटे कारखाने बंद. त्यातल्याच एका रंगाच्या कारखान्यात माझा नवरा विजय कामाला होता. त्यामुळे टाकीची तब्येत हा आमच्या घरी जेवतानाचा विषय झाला होता. रोज पहिला घास घ्यायच्या आधी तो विचारायचा, ‘काय म्हणते तुझी टाकी?’ थट्टेतच विचारायचा, पण माझं उत्तर संपेपर्यंत त्याचा हात ताटावरच थांबलेला असायचा.

त्यात दसरा आला. खंडेनवमीचं पाणी टाकीला बाधतं हे आम्हाला दरवर्षीचं ठाऊक. दोन-तीन दिवस ती आजारी पडायची आणि सावरायची. आमच्याकडे दसरा म्हणजे धम्मचक्र प्रवर्तन दिन. पांढरी साडी नेसून मी उल्हासनगरच्या आमच्या विहारात वंदनेला बसले होते. बाहेर येऊन बघते तर मोबाइलवर गणपतदादांचे फोनच फोन.

‘ताई, टाकी उतू चालली. फेस पार कठड्याच्या वर आलाय. न पानी गढूल जातंय, मना त काय बरा दिसत नाय.’

तशीच पांढऱ्या साडीत गेले. परत आले तेव्हा ती पांढरी राहिली नव्हती.

या वेळी तीन दिवस झाले, आठवडा झाला, टाकी सावरेना. आमचे प्रमुख पाटणकरसाहेब शांत माणूस, पण तेही हबकले. म्हणाले, ‘कुठून तरी विष आलंय. जंतू मेलेत. आता एकच उपाय, टाकी उपसून काढायची आणि नव्याने सुरू करायची.’

‘साहेब, नव्याने रुजायला महिने लागतील. तोवर कारखाने?’

‘बंद. मंडळाने टाळं लावण्यापेक्षा आपण होऊन थांबलेलं बरं. दिवाळीच्या आधी उपसायला टँकर येईल. तोपर्यंत तुम्हाला काही सापडलं तर बघा.’

त्यांचं चूक नव्हतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. पण त्या टाकीत मी आणि गणपतदादांनी हाताने शेण कालवलं होतं. ती उपसायची म्हटल्यावर मला रडूच आलं. लॅबचं दार लावून रडले आणि मग सूक्ष्मदर्शक पुढे ओढला.

आमच्या त्या जुनाट सूक्ष्मदर्शकातून मला सगळी मंडळी नावानिशी ओळखू यायची. देठावर बसलेले, घंटेसारख्या तोंडाचे जीव. कोणी जवळ आलं की देठ स्प्रिंगसारखा आवळून घेणारे. डोक्यावर दोन चक्रं फिरवत जेवणारे. पुंजक्यांतून वळवळत चरणारे. विष आलं की आधी हेच मरतात. मी थेंब काचेवर ठेवला आणि डोळा लावला. घंटेवाले मजेत डोलत होते. चक्रवाले जेवत होते. चांगले गुबगुबीत होते! मेलं कोणीच नव्हतं. संख्या तेवढी घटलेली.

म्हणजे मंडळी मरत नव्हती, कुठेतरी जात होती.

कुठे ते गणपतदादांच्या बादलीने सांगितलं. ते फेस काढून कठड्यावर टाकायचे. उन्हाने तो वाळला की त्याची पापडी व्हायची. त्या दिवशी ती पापडी मी बोटाने खरवडली तर ती चमकली. म्हणून टाकीतला ताजा फेस काचेवर घेतला. निळे तुकडे! नखाच्या कडेएवढे, काही त्याहून बारीक, काही तर धूळच. प्रत्येक तुकड्यावर बुळबुळीत थर, आणि त्या थरात आमची मंडळी दाटीवाटीने बसलेली. एका तुकड्याच्या टोकावर एक घंटेवाला देठ रोवून बसला होता, स्वतःचं घर असल्यासारखा.

सुई तापवून तुकड्याला टेकवली. तो वितळला, आणि बादली जळल्यासारखा वास आला. प्लास्टिक. पिंपं-बादल्या ज्याच्या करतात ते हे प्लास्टिक पाण्यापेक्षा हलकं असतं, ते तळाशी बसतच नाही. आमच्या जंतूंना चिकटायला काहीतरी लागतं. एरवी ते एकमेकांना चिकटायचे आणि बसायचे. आता त्यांना हे तरंगते तुकडे मिळाले होते. त्यावर चढायचे आणि काठावरून नाल्यात. पाटणकरसाहेबांना बोलावून दाखवलं. बराच वेळ डोळा लावून ते म्हणाले, ‘अहो, हे तर होडीत बसून चाललेत.’

निळा रंग कुठून आला हे शोधायला फार वणवण करावी लागली नाही. वसाहतीच्या टोकाला लछूशेठचा कारखाना होता. शेठ उल्हासनगरचे सिंधी. जुनी पिंपं, फुटके कॅरेट, बादल्या विकत घ्यायचे आणि यंत्रात दळून त्यांचे तुकडे विकायचे; त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर त्यांनी दळायचं आणखी एक यंत्र घेतलं होतं. गोड माणूस. मी गेले की आधी थंडा मागवायचे. त्यांच्याकडच्या जमिनीवर, पंख्यांच्या पात्यांवर, देवाच्या फोटोवरसुद्धा निळी भुकटी. संध्याकाळी काम संपलं की पोरं ती पाइपने धुऊन गटारात घालवायची. आणि खंडेनवमीला तर कोपऱ्याकोपऱ्यांत वर्षभर साठलेली, एकदम.

‘साईं, मेरे यहां केमिकल का नाम नहीं!’ शेठ दुखावलेच. ‘ॲसिड नाय, कलर नाय. पूरे एमआयडीसीत मेरा पानी सबसे साफ. सिर्फ पानी है, मॅडम. उससे क्या मरेगा?’

‘शेठ, मरत कोणी नाही. तुमच्या मालावर बसून समुद्रात चाललेत.’

‘समंदर?’ ते हसले. ‘समंदर कहां, अंबरनाथ कहां!’

त्यांचं हसणं मला झोंबलं. पण खरं सांगायचं तर नाल्यातून निघालेला कपटा खाडीपर्यंत पोचतो का, हे मी तरी कुठे पाहिलं होतं?

रविवारी गणपतदादांबरोबर त्यांच्या गावी गेले. ओहोटी लागली होती. चिखलावर भरतीच्या पाण्याने मागे सोडलेली फेसाची आणि कचऱ्याची लांबलचक रेघ. दादा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उतरले.

‘माझ्या बापाचे टायमाला हितं पाय टाकला का चिंबोरी चावायची. आता पायाला बाटली लागते.’ मग एकदम खाली बोट दाखवून म्हणाले, ‘पन निवट्या अजून हाईत बगा. त्या काय हटत नाईत.’

खरंच, चिखलातून उड्या मारत जाणारे ते छोटे मासे इकडेतिकडे पळत होते. बघून बरं वाटलं. मी मुरंब्याच्या बाटल्यांत त्या रेघेतला फेस भरून घेतला आणि शेजारचं नुसतं पाणीही.

फेसात तुकडे निघाले. निळे होते, हिरवे होते, पांढरे होते. त्यातले निळे लछूशेठचेच, असं मी शपथेवर सांगणार नाही. जगात निळी पिंपं काय कमी आहेत? पण त्या तुकड्यांवर जे दिसलं ते मी विसरू शकत नाही. आमची मंडळी तिथे नव्हती. खाऱ्या पाण्यात त्यांचा निभाव लागत नाही. पण जागा रिकामी राहिली नव्हती. तिथे समुद्राची मंडळी येऊन बसली होती. सोनेरी-हिरवे, काचेच्या डबीसारखे बारीक जीव, जे उन्हावर जगतात, पाण्यात प्राणवायू सोडतात आणि माशांच्या पिल्लांच्या पोटी जातात. त्यांच्यात अडकलेले जंतूंचे दाट थर. शेजारच्या नुसत्या पाण्याच्या थेंबात मात्र एखाददुसरा चुकार जीव. सगळी वस्ती प्लास्टिकवर. जी मंडळी पाण्यात मोकळी हिंडायची, चिखलात बसून सडलेलं खाऊन खाडी साफ करायची, त्यांना आपण हा तरंगता पत्ता दिला होता. तो त्यांना कुठे नेणार, हे त्यांना माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं.

सोमवारी लछूशेठना गाडीत घालून लॅबमध्ये आणलं. आधी टाकीतला तुकडा दाखवला, मग खाडीतला. शेठनी चष्मा कपाळावर चढवला आणि डोळा लावला. आधी काही दिसेना, मग एकदम ओरडले, ‘अरे, ये तो हिल रहा है!’ पोरासारखे खूश झाले. बराच वेळ बघत राहिले. डोळा वर केला तेव्हा हसू गेलेलं होतं.

‘इनको मालूम है कहां जा रहे हैं?’

‘नाही, शेठ.’

शेठनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. ‘मेरा बाप कराचीसे जहाजमें बैठके आया. मां पेटमें मेरेको लेके. बंदरगाहपे किसीने बोला, बैठो, तो बैठ गये. बाप बोलता था, घर छोड़के नावमें कोई शौकसे नहीं बैठता.’ मग म्हणाले, ‘मॅडम, मेरेको बोलो क्या करनेका. मी करतो.’

गणपतदादा दारात उभे होते, त्यांनी शेठना पाणी आणून दिलं.

करायचं फार अवघड नव्हतं. शेठनी धुणं बंद केलं. आधी झाडू, मग ओल्या गोणपाटाने पुसणं, आणि भुकटी पोत्यात. गटाराच्या तोंडाशी त्यांनी खड्डा बांधून बारीक जाळी बसवली. आणि स्वतःचं झाल्यावर शेठ शेजाऱ्यांच्या मागे लागले. दुसऱ्या कोणाच्या दारात पाइप चालू दिसला की हे स्कूटर थांबवून भांडायला हजर! दोन मालकांनी माझ्याकडे तक्रार केली, की शेठला आवरा.

इकडे आमच्याकडे टाकीतलं प्लास्टिक काढायचं होतं. पाटणकरसाहेबांनी काठाच्या आत एक आडवी फळी लावायला सांगितली, म्हणजे तरंगणारं तिथेच अडेल. अडलेलं काढायला गणपतदादांनी घरच्या जुन्या मच्छरदाण्या आणल्या आणि बांबूच्या चौकटींवर ताणून बसवल्या. पण त्या तुकड्यांवर आमची माणसं होती ना! ती फेकवेनात. मग पिंपात टाकीचंच पाणी घेऊन तुकडे त्यात खळखळून धुवायचे, आणि ते धुवण परत टाकीत. जमेल तेवढ्यांना परत आणायचं. आणि गूळ. दुकानदाराने या वेळी काही विचारलं नाही, नुसता हसला.

घरी विजयचा प्रश्न चालूच होता. पण आता तो थट्टेत विचारत नव्हता. त्याच्या मालकाने कामगारांना सांगून ठेवलं होतं, की टँकर आला की दुसऱ्या दिवसापासून येऊ नका.

ठरलेल्या सकाळी टँकर आला. ड्रायव्हरने जाड पाइप ओढून कठड्यापर्यंत आणला. पाटणकरसाहेब घड्याळ बघत होते. मी म्हटलं, ‘साहेब, एक काचेचं नळकांडं भरते. ते बघा आणि मग काय ते ठरवा.’ ही आमची रोजचीच चाचणी. टाकीचं पाणी उंच नळकांड्यात भरून ठेवायचं आणि अर्ध्या तासात काय होतं ते बघायचं. दसऱ्यापासून रोज तेच दिसत होतं: काही खाली, काही वर, मध्ये गढूळ.

गणपतदादांनी पाणी आणलं. नळकांडं टेबलावर ठेवलं आणि आम्ही तिघं समोर उभे राहिलो. ड्रायव्हरही आत आला, आम्ही एवढं काय बघतोय म्हणून. आधी सगळं एकसारखं मळकट. मग बारीक पुंजके दिसायला लागले, एकमेकांना जाऊन मिळायला लागले, आणि हळूहळू खाली निघाले. वरचा काठ मोकळा झाला. मग त्याच्या खालचा. तरंगत राहिलं नाही कोणी. नळकांड्याच्या पलीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर पाण्यातून स्पष्ट वाचता यायला लागलं.

‘बसली, ताई,’ गणपतदादा म्हणाले. ‘मंडली बसली.’

पाटणकरसाहेबांनी चष्मा काढून पुसला. ड्रायव्हरला म्हणाले, ‘रिकामा जा बाबा.’ ड्रायव्हर खेप फुकट गेली म्हणून बराच वेळ बडबडत पाइप गुंडाळत होता.

पुढे मंडळाची माणसं येऊन पाणी घेऊन गेली आणि केंद्र चालू राहिलं. टाकी मी निवृत्त होईपर्यंत जिवंत होती. वसाहतीत खंडेनवमीला पाइपाच्या आधी झाडू फिरायला लागला. सगळीकडे नाही, पण पुष्कळ ठिकाणी. ‘मायक्रोप्लास्टिक’ हा शब्द मी वर्तमानपत्रात वाचला तो त्यानंतर कितीतरी वर्षांनी. समुद्रातले सूक्ष्मजीव या तुकड्यांवर कसे वस्ती करतात, ते आता मोठमोठी माणसं तपासतात. वाचताना मला त्या मुरंब्याच्या बाटल्या आठवतात, आणि वाईटही वाटतं, की आम्ही बघायला लागण्याआधी किती वर्षं किती गेलं असेल, आणि ते आता परत आणता येणार नाही. पण गटाराच्या तोंडाशी अडवता येतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे कोणी निराश होऊन बोलायला लागलं की मला पटत नाही.

टँकर परत गेला त्या दिवशी मात्र माझ्या डोक्यात समुद्र नव्हता. संध्याकाळी विजय घरी आला, मोरीत हात धुतले, ताटावर बसला. आज त्याने टाकीचं विचारलं नाही. त्याला कळलेलं होतं. पहिला घास घेऊन तो म्हणाला, ‘उद्या डबा लवकर लागेल. सकाळची पाळी आहे.’

मी उठून दुसऱ्या दिवसाची भाजी निवडायला घेतली.